नव्या तोंडाची जुनी गाडी

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर गाडी धुतली. रविवारचा दिवस होता, अंगणात नळाला पाणी आलेलं. मी मागची बाजू धरली, तिनं पुढची. पुढचं तोंड ती दुसऱ्या कुणाला धुऊ द्यायची नाही. दिव्यांच्या कडा, जाळीची भोकं, नंबराची पाटी, सगळं पुसून झालं की मागं सरून, कमरेवर हात ठेवून बघायची. पोरीला दाखवायच्या आधी आई जशी बघती ना, तशी. मी म्हणालो, "अगं, लई घासू नको, खालनं जुनं तोंड निघंल." ती म्हणाली, "निघू द्या की. जुनं हाय हे बघूनच घेतलीय मी." मग चहा झाला, बादली पालथी घातली, झोपलो. दुसऱ्या दिवशी ती नव्हती.

तवापासून लोक येतात, बसतात, "लई चांगली होती" म्हणतात आणि चहा पिऊन जातात. चांगली होतीच. पण नुसती चांगली नव्हती, लई इब्लिस होती. ते कुणीच सांगत नाही, म्हणून मला लिहावं लागतंय. मी चवथीपतूर शिकलेला माणूस. अणदूरहून नळदुर्ग, नळदुर्गहून सोलापूर, असा सारा जन्म दुधाचा टेम्पो हाकला. लिहायची सवय नाही. पण एक गोष्ट छाती ठोकून सांगतो. कंपनीवाले जुन्याच गाडीला नवं तोंड बसवून विकतात, हे कळल्यावर सगळी माणसं फसल्यासारखी तोंडं करतात. ते कळल्यावर खूश होऊन पेढे मागवणारी बाई अख्ख्या मराठवाड्यात एकच होऊन गेली, आणि ती माझ्या घरात होती.

तिचा स्वभावच तसा. पहिल्या वर्षाच्या कुठल्याच गोष्टीवर तिचा भरवसा नव्हता. "एक पावसाळा जाऊ द्या," हे तिचं पालुपद. तुरीचं नवं बियाणं आलं, एक पावसाळा जाऊ द्या. शेजाऱ्यांच्या रानात ते उगवलं, वाळलं, कीड लागली का नाही ते सगळं बांधावरनं बघून झालं की पुढच्या सालाला आमच्या रानात. गावात नवा डॉक्टर आला. चांगला शिकलेला, दवाखान्याला काचा बिचा. ही तापानं फणफणली तरी तिकडं जाईना. "आधी ह्या गल्लीतल्या बायकांना त्याची इंजेक्शनं घेऊ द्या, मग बघू." गल्लीतल्या बायका जिवंत राहिल्या, तवा कुठं ही गेली, आणि डॉक्टरला तोंडावर सांगितलं, "आता तुमी जुने झाला, म्हणून आले." तो बिचारा हसला. त्याला काय माहीत, ह्या बाईच्या तोंडून याहून मोठं कौतुक निघत नसतंय.

मला तिनं पसंत केलं ते बी ह्याच हिशोबानं. तिच्या आधी मला दोन घरांतून नकार आला होता. एकीनं कळवलं, मुलगा लई काळा आहे. दुसरीनं कळवलं, जेवताना आवाज करतो. हिच्या बापानं घाबरत घाबरत ते हिच्या कानावर घातलं. ही म्हणाली, "बरं झालं. खोडी काय हाय ते आधीच कळलं. तिसरा पोरगा आणाल तर त्याच्या खोडी मलाच शोधाव्या लागतील." झालं लग्न. पुढं सारा जन्म मी जेवायला बसलो की ती भाकरी टाकत आतनं म्हणायची, "चालू द्या आवाज. ठरवून घेतलाय."

तिचं माहेर सीमेपलीकडं, आळंदच्या वाटेला. बोली कानडी. शिव्या ती मराठीत द्यायची, कारण त्या मला कळल्या पाहिजेत. आणि माया करायची ती कानडीत, कारण ती मला कळू नये. मी झोपलोय असं समजून पायावर वाकळ टाकताना ती काय काय बोलायची. एवढ्या वर्षांत मला कानडी येत नाही असंच तिला वाटत राहिलं. मी बी कधी सांगितलं नाही. सांगितलं असतं तर बोलायची बंद झाली असती.

आता अशा बाईला म्हातारपणी गाडी कशाला पाहिजे होती, ते सांगतो. तिला भाऊ नव्हता. दोघी बहिणी, ही थोरली, ती धाकटी. धाकटी तिकडंच माहेरच्या गावात दिलेली. त्यांची आई गेली तवा निरोप मिळाल्या मिळाल्या ही निघाली. मी टेम्पो घेऊन सोलापुरात होतो. ही एसटीनं फाट्यावर उतरली. पुढं जायला जीप. त्या दिवशी बाजार होता, जीपा भरून यायच्या आणि न थांबता जायच्या. शेवटी चालत गेली. पोचली तवा आईला माती देऊन लोक हातपाय धूत होते. तोंड बघायला मिळालं नाही. ती त्याबद्दल रडली नाही कधी. पण आमच्यात बाईमाणूस गेलं की अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं लागतं. भाऊ नाही म्हणल्यावर हिचं लुगडं धाकटीनं आणायचं, धाकटीचं हिनं. एवढाच त्यांचा माहेराचा कारभार उरलेला. त्यात धाकटीच्या अंगावरून वारं गेलं, डावी बाजू लुळी पडली, ती बाजेला खिळली. तवा हिनं एका सकाळी मला सांगितलं, "आवो, दारात गाडी पायजे. तिला कवा बी काय झालं तर मी जीपंची वाट बघत फाट्यावर बसणार न्हाय."

मी म्हणालो, "पोरगा हाय की पुण्यात. त्याची गाडी हाय."

"पोराच्या गाडीत पोराच्या सुट्टीनं जावं लागतंय. मरणाला कुठं रविवार बघता येतोय?"

मग सुरू झाली चौकशी. कुठलं मशीन दमत नाही, कुठल्याची दारं गंजतात, कुठल्यात म्हाताऱ्या माणसाला चढता उतरता येतं. ही बाई रस्त्यात उभ्या गाडीच्या काचेवर टकटक करायची. पेट्रोल पंपावर करायची, देवळाच्या बाहेर करायची. आत बसलेला माणूस काच खाली करून म्हणायचा, "काय मावशी?" आणि त्याला वाटायचं, पत्ता विचारणार. ही विचारायची, "गाडी उन्हाळ्यात गरम हुती का?" एका लग्नात तर हद्द झाली. वरात निघालेली, नवरदेवाची गाडी फुलांनी झाकलेली, पुढं बँड वाजतोय. ही गर्दीतनं वाट काढत गेली, फुलं बाजूला सारली आणि काचेवर टकटक. नवरदेवानं काच खाली केली. बाशिंग बांधलेलं, घामानं डबडबलेला. ही विचारती कशी, "बाळा, चढाला मागं मागं येती का रं ही?" तो म्हणाला, "मावशी, गाडी सासऱ्याची हाय, मला आजच मिळालीया." ही परत येऊन मला म्हणाली, "त्याला काय इचारून उपेग न्हाय. त्यालाच अजून पावसाळा बघायचाय."

असं करत करत तिचं मत एका लहान गाडीवर बसलं. लई जुन्या चालीची. मास्तर लोकांनी वापरलेली, तलाठ्यांनी वापरलेली, तुळजापूरच्या वाटेवर भाड्यानं पळून पळून म्हातारी झालेली. तिच्या खोडी साऱ्या तालुक्याला पाठ. पण तसली गाडी आता मिळणार कुठं, म्हणून मी म्हणालो, जुनी वापरलेली घेऊ. ती म्हणाली, "दुसऱ्यानं दमवलेली नको. जुनी पायजे, पर नवी पायजे." मी कपाळाला हात लावला. आणि काय सांगू, तिला पाहिजे होतं तसंच कंपनीनं करून ठेवलं होतं.

त्याचं असं आहे. नवी गाडी काढायची म्हणलं तर कंपनीला नवे साचे, नवं मशीन, सगळा पसारा. जुन्या गाडीचे साचे तयारच असतात. मग तिलाच पुढून नवे दिवे, नवी जाळी, आत एक चकाकता पडदा, रंग जरा भडक, आणि नव्या मोठ्या गाड्या ज्यांना झेपत नाहीत त्यांना सांगायचं, ही घ्या, स्वस्तात नवी. बैलबाजारात शिंगं साळून, तेल चोपडून बैल उभा करतात, त्यातलाच प्रकार. मला तर राग आला होता.

आम्ही सोलापूरला शोरूमला गेलो. टाय बांधलेला एक तरणा गडी पुढं आला. थंड पाणी दिलं. म्हणाला, "आजी, एकदम नवीन गाडी आहे. नवा लूक, नवे दिवे, नवी जाळी."

"आन मशीन?"

"ते पण एकदम भारी."

"भारी का हलकं ते न्हाय इचारलं. नवं का जुनं?"

तो गडबडला. माझ्याकडं बघितलं. त्याला वाटलं म्हातारी उलटतपासणी घेतीय, खरं सांगितलं तर फसवलं म्हणून आरडाओरडा करंल. म्हणाला, "नवंच आहे आजी. सगळं नवं."

ही उठली. पिशवी काखंत मारली. "चला वो. नवी हाय म्हणतोय."

तो मागनं पळत आला. "आजी, या गाडीत सगळं पहिल्यांदाच दिलंय!" जेवढं तो नवं नवं म्हणतोय तेवढी ही दाराकडं सरकतीय. मला दिसत होतं, गाडी हीच. शेवटी मी त्याला खांबाआड घेतलं आणि म्हणालो, "बाबा, जुनी हाय म्हण. गाडी खपंल."

"काका, असं कसं म्हणू? साहेब कामावरून काढतील."

मग साहेबच आले. वयानं जाणते, डोक्यावर केस कमी. त्यांनी तिला परत बसवलं आणि आवाज बारीक केला, आजारपणाचं सांगताना करतात तसा. "आजी, मनावर घेऊ नका. खरं सांगतो. मशीन तेच आहे. सांगाडा तोच. दारं पण तीच. पुढचं तोंड बदललंय, मागचे दिवे बदललेत, आत पडदा बसवलाय. म्हणून तर एवढ्या स्वस्तात बसते."

माझ्या बायकोचं तोंड उजळलं. "मग सकाळधरनं लपवून का ठिवलंस रं लेकरा?"

"आजी, जुनी म्हटलं की गिऱ्हाईक उठून जातं."

"तो नवी म्हणला म्हणूनच मी उठले हुते की!"

आणि तिथंच पेढे मागवले. पण त्याआधी एक राहिलं होतं. ती चपला काढून पुढच्या सीटवर बसली, पाठ मागं पाडायला लावली, पदर अंगावर घेतला आणि डोळे मिटून आडवी झाली. डावा हात मुद्दाम लुळा सोडलेला. टायवाला गडी घाबरला. "काका, आजींना काय झालं?" मी म्हणालो, "कायबी झालं न्हाय, बहीण मापून बघतीय." शोरूममधली सगळी गिऱ्हाईकं काचेतनं बघत उभी. ती तशीच पडून राहिली बराच वेळ. उठली आणि म्हणाली, "मावती. पाय बी लांब हुत्यात."

पुण्याहून पोराचा फोन आला. फोनवर तोंड दिसत होतं त्याचं, लाल झालेलं. "आई, लोक हसतील! जुनं मॉडेल आहे ते. कंपनी येडं बनवतीय तुम्हाला. मी भर घालतो, चांगली नवी घ्या." तिनं फोन जरा लांब धरला, त्याचं तोंड नीट बघितलं आणि म्हणाली, "तू तरी कुठलं नवं मॉडेल हायस? तुझ्या बापाचंच मशीन. तोंड तेवढं माझं बसवलंय, म्हणून खपलास." सून मागं हसून हसून लोळायला लागली. पोरानं पुन्हा गाडीचा विषय काढला नाही.

गावात गाडी आली. खंडोबाच्या देवळापुढं उभी केली, लिंबू ठेवलं, नारळ फोडला, आणि हिनं भंडारा असा उधळला की मशीनच्या बोनेटापासून आतल्या जाळीपतूर सगळं पिवळं. पुढं कितीतरी दिवस थंड हवा लावली की भोकांतनं भंडारा उडायचा. पांढरा सदरा घालून निघालेला मी, पोचायचो तवा जेजुरीहून आल्यासारखा. शेजारचे एक काका, आयुष्यभर कचेरीत काम केलेले, ते गाडीभोवती फिरून म्हणाले, "वहिनी, फसलात. जुन्याच गाडीला मुखवटा चढवून दिलाय तुम्हाला." ही म्हणाली, "आन भावजी, देवाला मुखवटा चढवत्यात तवा तुमी पुढं होऊन हात जोडता. तवा न्हाय म्हणत, जुनाच देव हाय?" ते म्हणाले, "देवाचं वेगळं." ही म्हणाली, "थंडीत आपला खंडोबा पालखीत बसून नळदुर्गाला ऱ्हायला जातो. तिथं गेला म्हणून काय दुसरा हुतो? घर नवं, देव तोच. आमचं बी तसंच." पुढं तेच काका दवाखान्याला जायला आमच्याच गाडीतनं यायचे आणि सीट मऊ आहे म्हणायचे.

दर सोमवारी आम्ही धाकटीकडं जायला लागलो. गाडीशी ही कानडीत बोलायची. खड्डा आला की तिच्या पुढच्या काळ्या फळीवर थोपटायची आणि "निधान, निधान" म्हणायची, म्हंजे हळूहळू जा गं बाई. हाकत होतो मी, पण सांगायची गाडीला. त्या आतल्या पडद्याचा उपयोग तिला एकच. गाडी मागं घेताना त्यात मागचं दिसतं. मी मागं घ्यायला लागलो की ही पुढं सरकून बघायची, आणि शेजारची कोंबडी दिसली की "ए, सर की गं भवाने!" म्हणून पडद्याला दटावायची. कोंबडी सरायची बी, खोटं सांगत नाही.

धाकटी बाजेवर पडून वाट बघायची. मेव्हणी म्हणल्यावर माझी चेष्टा तिनं कधी सोडली नाही. वारं गेल्यावर जीभ जड झालेली, तरी म्हणायची, "दाजी, गाडीला नवं तोंड मिळतंय, तुमाला का न्हाय आणलं?" पहिल्यांदा तिला गाडीत निजवून रानात नेलं, तवा ज्वारीला कणसं आलेली. दोघी बहिणी गाडी बांधाला लावून दुपारभर कानडीत बोलत बसल्या. मी झाडाखाली पडून ऐकत होतो. कोण आधी जाणार ह्यावर भांडत होत्या. ही म्हणत होती, आजारी तू, नंबर तुझा. लुगडं मी घेऊन ठेवलंय. धाकटी म्हणत होती, मी बी घेऊन ठेवलंय, बघू कुणाचं आधी लागतंय. आणि दोघी हसत होत्या. मला त्या हसण्याचा राग आला होता. आता येत नाही.

तर गाडी धुतल्यावरचा तो सोमवार उजाडला. ती माझ्याआधी उठायची, त्या दिवशी उठली नाही. हात लावला, गार. मी शेजारच्या काकांना हाक मारली. माणसं जमली. डॉक्टर आला, तोच, जुना झालेला. त्यानं बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. पोराला फोन गेला, तो पुण्याहून निघाला. जाणत्या माणसांनी बसून ठरवलं. मातीच्या विधीला मठातल्या स्वामींना बोलवा, पोरगा आला की दुपारी माती. कुणीतरी म्हणालं, बहिणीला कळवावं का? दुसरा म्हणाला, बाजेवरचं माणूस, तिला कशाला हलवता, मागनं सांगू. माहेरचं लुगडं दुकानातनं आणू, कोण बघतंय.

मी उठलो. खुंटीवरनं किल्ली घेतली. काका आडवे आले. "अण्णा, आज तुमी गाडीला हात लावू नका. दुसऱ्या कुणाला धाडू."

मी म्हणालो, "माती थांबवा. मी तिच्या बहिणीला आणतो." आणि निघालो.

फोन केला नव्हता. असलं फोनवर सांगायचं नसतं. गाडीचा आवाज ऐकून धाकटीनं आतनंच हसत हाक मारली, "अक्का, आज लवकर?" मी दारात गेलो. तिनं माझ्या मागं बघितलं. मग माझ्याकडं.

मला गोड बोलता येत नाही. म्हणालो, "अक्का गेली. पहाटं. न्यायला आलोय."

ती रडली नाही. तोंड वाकडं झालेलं आणखी वाकडं झालं. तिनं एवढंच विचारलं, "माती झाली?"

"न्हाय. तू आल्याबिगर हुणार न्हाय."

तिनं आपल्या सुनेला खूण केली. सुनेनं पेटीतलं हिरवं लुगडं काढलं. कोरं, घडी न मोडलेलं. धाकटीनं ते चांगल्या हातानं छातीशी धरलं. तिच्या पोरानं आणि मी मिळून तिला गाडीत निजवलं, दार लावलं. वाटेत फाटा लागला. जीपवाले उभे होते, माणसं चढत होती. आम्ही थांबलो नाही. तिथून पुढं गेल्यावर ती म्हणाली, "दाजी, जरा काच खाली करा." मी केली. तिनं मान वळवून मागं बघितलं, अक्का आईच्या मातीला जिथनं चालत आली होती त्या फाट्याकडं.